खुंटा हलवू नये

मराठी माणसाने दातांवर जेवढी कामे सोपवली आहेत, तेवढी थोरल्या मुलावरही सोपवली नसतील. आपण दातओठ खातो, कोणावर तरी वर्षानुवर्षे दात धरतो, पोराला समजावताना दातांच्या कण्या करतो आणि एवढे होऊन उरलेल्या दातांनी लोखंडाचे चणे खायला निघतो. पण दात पडला की तेच तोंड उघडताना आपण पुढे हात धरतो.

माझी खालची डावी दाढ वयाच्या 6व्या वर्षी कामावर रुजू झाली आणि 62 वर्षांच्या अखंड सेवेनंतर निवृत्त झाली. माझी स्वतःची नोकरी 34 वर्षांचीच. तेव्हा आमच्या दोघांत ज्येष्ठ कोण, हे सांगायला नको. ती गेल्यापासून सगळा कारभार उजवीकडे आला. चकली उजवीकडे, भाकरीची कड उजवीकडे, आणि चिक्की तर फक्त बघायची. जेवणाच्या पंगतीत पहिला उठणारा मी, आता शेवटी एकटा उरू लागलो. लोक हात धुऊन बडीशेप खात माझ्याकडे बघत असत. भूक तीच होती. इभ्रत मात्र ताटात राहत होती.

‘‘काका, इम्प्लांट करून टाकू,’’ आमचे दंतवैद्य म्हणाले. ‘‘हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि त्यावर दाढ.’’

‘‘म्हणजे भिंतीत खुंटी ठोकून फोटो टांगतात तसे?’’

‘‘तसेच. फक्त ही भिंत जिवंत असते.’’

आमची ही शेजारीच होती. ‘‘मग चांगले पोलादाचे बसवा ना,’’ ती म्हणाली. ‘‘टायटॅनियम ते काय, हलके असते म्हणतात.’’

हलके असते हे खरे. पोलादाच्या निम्म्याहून थोडेसे जास्त वजन. परंतु तोंडात नुसता पैलवान चालत नाही, हे त्या संध्याकाळी मला कळले. पोलादाचा ताठपणा हाडाच्या दहा-बारा पट. टायटॅनियमचा त्याच्या जवळजवळ निम्मा. घरातला एकच कर्ता भाऊ सगळा भार उचलू लागला, की बाकीचे भाऊ ऐतखाऊ होतात आणि हळूहळू वाळतात. हाडाचेही तसेच. त्याच्यावर थोडा भार पडला तरच ते टिकते. सगळा भार ताठ धातूने घेतला तर ते झिजत जाते. तेव्हा खुंटा हवा तो मजबूत, पण थोडा वाकता येणारा. असे जावई मिळत नाहीत, धातू मिळाला हे नशीब.

‘‘पांढरे नाही का मिळत?’’ हिची पुढची चौकशी. साडीच्या दुकानात बसल्यासारखी. तर पांढरेही मिळते. त्याला झिर्कोनिया म्हणतात. ती एक प्रकारची चिनी माती, पण बशीच्या कुळातली नव्हे. दाबाला जबर, ताठपणात पोलादाच्या तोडीची. दोष एवढाच, की टायटॅनियम मोडण्याआधी थोडे वाकून कुरकुर करते, झिर्कोनिया एकदम तुटते. मी वाकणाऱ्याला मत दिले. आयुष्यभर तेच केले आहे.

या धातूचा आणि हाडाचा विवाह ठरवून झालेला नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी 1952 साली सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती, ती आतला रक्तप्रवाह बघायला. काम झाल्यावर काढू गेले, तर हाड सोडीना! भाडेकरू घरमालकाला चिकटतात तसे. त्या चिकटण्यावर विचार करून 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाला पहिले असे दात बसवले. लार्सन 2006 साली वारले, तोवर ते खुंटे 40 वर्षांवर काम देत होते.

आणि हे खुंटे तपासतात कसे? यंत्रात 30 अंशांत तिरपे धरून 50 लाख वेळा दाबतात. तिरपे अशासाठी, की माणूस सरळ चावतो हा भ्रम आहे. एका मोठ्या घावाने धातू सहसा मोडत नाही; लहानलहान घाव लाखो वेळा बसले की थकतो. संसारी माणसाला हे यंत्राने सांगायला नको.

खऱ्या दाताभोवती हाडात एक बारीक गादी असते. खडा लागला की ती ओरडते. खुंट्याला गादी नाही, त्यामुळे आपण किती जोर लावला ते त्याला नीट कळत नाही. म्हणून सुपारी फोडायला अडकित्ताच वापरायचा, असा दंडक मिळाला.

सगळ्यात मोठा धक्का म्हणीला बसला. जात्याचा खुंटा हलवून बळकट करतात, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकले. इथे उलटे. पहिले काही महिने हा खुंटा मिलिमीटरच्या दशांशाहून फार हलला, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू धरतात आणि खुंटा कायमचा ढिला राहतो. जिभेने चाळा करायचा नाही. गप्प राहून बळकट होण्याचा हा प्रकार मला 68व्या वर्षी प्रथमच जमला.

आता चार महिने झाले. दाढ बसली आहे. पंगतीत मी पुन्हा तिसरा-चौथा उठतो. एकच विचार अधूनमधून येतो. टायटॅनियम वितळायला 1668 अंश उष्णता लागते, आणि आमच्या स्मशानातल्या लाकडांना एवढे साधणार नाही. उद्या चिरंजीव अस्थी गोळा करायला येतील तेव्हा राखेत त्यांना हा स्क्रू सापडेल. मी त्याला सांगून ठेवले आहे, ‘‘फेकू नकोस. हा धातू ज्या खनिजातून काढतात ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही असते. जमले तर तिकडेच समुद्रात सोड.’’

तो म्हणाला, ‘‘बाबा, आधी चिक्की खा.’’