पाणी चढण्याआधी

कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढू लागलं की नृसिंहवाडीत आवराआवर सुरू होते. २००५, २०१९, २०२१ ही सालं वाडीकरांना तोंडपाठ आहेत. पाणी घरात शिरल्यावर सामान हलवून उपयोग नाही, हे इथल्या पोरांनाही कळतं. मग स्टेपर मोटरच्या ड्राइव्हच्या बाबतीत आपण फ्यूजच्या भरवशावर का राहतो, हे मला कोडंच आहे.

फ्यूज वितळायला मिलिसेकंद लागतात. शॉर्ट झाला तर ड्राइव्हमधला ट्रान्झिस्टर मायक्रोसेकंदांत जातो. फ्यूज आग टाळतो, ड्राइव्ह वाचवेलच असं नाही. काही ड्राइव्हमध्ये शॉर्टपासून संरक्षण असतं, पण सगळ्यांत नाही.

त्यापेक्षा आधीच पाच मिनिटं द्यावीत. सप्लाय बंद करून मोटरच्या वायरी ड्राइव्हमधून सोडवायच्या आणि मल्टिमीटर लावायचा. चार वायरींच्या मोटरमध्ये एकाच फेजच्या दोन टोकांत अगदी थोडे ओहम दिसतात. दोन फेजमध्ये, किंवा वायर आणि बॉडीमध्ये, जोड दिसता कामा नये. मोजताना केबल वाकवून बघा, आतली तुटकी तार तेव्हाच सापडते. पुरात भिजलेली मशीन वरून कोरडी दिसते, ओल कनेक्टरमध्ये असते.

आणि ड्राइव्ह चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका. कॉइलचा करंट एकदम तुटला की व्होल्टेज उसळतं.

असो. ड्राइव्ह नवा मिळेल हो, पण तोवर छोट्या वर्कशॉपातली पोरं बसून राहतात, आणि पगार तर द्यावाच लागतो.