किती थांबायचं

‘लिंक डाउन’ एवढं लिहून राउटर मोकळा होतो. ती ओळ लॉगमध्ये पडली त्या क्षणी लिंक गेली होती, इतकंच तिच्यावरून कळतं. मी ती वाचतो तेव्हाही लिंक गेलेलीच आहे का, हे त्या ओळीत नसतं. लॉगमध्ये घडलेलं असतं, चालू स्थिती नसते. आणि रात्री अडीचला फोन वाजवून माणसाला अंथरुणातून उठवायचं तर स्थितीच कळायला हवी. आलेल्या ओळींवरून स्थिती कशी ओळखायची, या एका प्रश्नात माझी निम्मी नोकरी गेली आहे.

सिसलॉग सर्व्हर कसा उभा करायचा, मायक्रोटिकच्या लॉगमधून स्क्रिप्टने टेलिग्रामवर निरोप कसा काढायचा, हे या धंद्यातल्या कुणालाही येतं. अडतं ते पुढे. ‘डाउन’ची ओळ आल्यावर ‘अप’ची वाट किती पाहायची? पाच सेकंद, तीस सेकंद, तीन मिनिटं? लगेच कळवलं तर पावसाळ्यात फोन वाजायचा थांबत नाही. जास्त थांबलं तर आपल्याआधी ग्राहक फोन करतो, मग ती सूचना काय कामाची? त्यात सिसलॉग जुन्या रीतीने यूडीपीच्या ५१४ पोर्टवरून येतो. वाटेत ओळ हरवली तर ती पुन्हा पाठवणारं कुणी नाही. ‘अप’ची ओळ हरवली की उत्तम चालू असलेली लिंक माझ्या पडद्यावर सकाळपर्यंत बंदच दिसते.

तीव्रतेच्या आकड्यांवर भरवसा ठेवावा, तर तेही फसवे आहेत. एरिक ऑलमनने १९८० च्या दशकात बर्कलीला सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिला, तेव्हापासून ० ते ७ या पायऱ्या चालत आल्या आहेत. सिस्कोच्या राउटरवर इंटरफेस पडल्याची ओळ ३ वर येते आणि ओएसपीएफचा शेजारी गेल्याची ५ वर, म्हणजे नुसती नोंद. नवा माणूस ४ पर्यंतचं ठेवतो आणि बाकीचं गाळतो. मग मध्ये एखादा मीडिया कन्व्हर्टर असला, फायबर त्याच्या पलीकडे तुटली, इकडचा इंटरफेस मात्र हिरवाच राहिला, तर कुणालाच पत्ता लागत नाही. ओएसपीएफ नेहमीच्या सेटिंगला ४० सेकंदांनी शेजारी गेल्याचं लिहितो, सिस्कोचं बीजीपी १८० सेकंदांनी. तुटलं एकदाच, पण त्याच्या ओळी तीन मिनिटं येत राहतात, आणि मागोमाग शेकडो ग्राहकांची पीपीपीओई सेशन्स तुटल्याच्या ओळींचा लोंढा. तीव्रता राउटर बनवणाऱ्याने ठरवलेली असते. पोफळी गावाचं नेट गेलं तर कुणाला किती अडचण होते, हे त्याला कसं कळणार?

आमचं जाळं कुंभार्ली घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे. खाली चिपळूणकडे फायबर, वर डोंगरावर वायरलेस. प्रत्येक लिंकला किती थांबायचं याचे आकडे मी एका वहीत लिहीत गेलो. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात कमी, कारण तिथे जेसीबीने तोडलेली फायबर आपोआप जुळत नाही. ६० गिगाहर्ट्झच्या लिंकला जास्त, कारण ती पावसाच्या मोठ्या सरीला जाते आणि सर ओसरली की परत येते. शेवटी या आकड्यांवर मी फ्लॅप डॅम्पिंगचं गणित चढवलं. १९९८ च्या आरएफसी २४३९ मध्ये ते बीजीपीच्या मार्गांसाठी मांडलं आहे. मार्ग पडला की त्याला दंड, दंड साचत मर्यादेपार गेला की तो मार्ग काही काळ बाजूला, आणि वेळेबरोबर दंड ओसरत जाणार. सिस्कोवर एका पडण्याला १००० दंड, २००० ला दाबायचं, दर १५ मिनिटांनी दंड निम्मा, ७५० च्या खाली आला की मोकळं. हेच मी सूचनांना लावलं. सतत पडणारी-उठणारी लिंक एकदा ओरडते आणि मग ओसरेपर्यंत गप्प बसते.

या कामाचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे. मूळ डॅम्पिंगचं पुढे काय झालं हे मला ठाऊक होतं. २००६ मध्ये युरोपातल्या रायपने ते वापरू नका असं सांगितलं, कारण दूरच्या एका पडण्याचे अनेक पडसाद उमटून धडधाकट मार्गही दाबले जात होते. २०१३ मध्ये मर्यादा बरीच वर नेऊन त्यांनी ते पुन्हा मान्य केलं. जगभरचे एवढे जाणकार ज्या आकड्यापाशी अडले, त्याच आकड्याशी मी घाटाखालच्या खोलीत बसून झुंजतो, हा विचार मला सुखावत असे. वही मी कुणाला सहज दाखवत नसे.

आजूबाजूला काय चाललंय ते पाहिलं की वाईट वाटतं. कितीतरी जण राउटरची प्रत्येक ओळ एका ग्रुपवर ओततात. दुसऱ्या आठवड्यात सगळे तो ग्रुप म्यूट करतात, आणि खरी फायबर तुटते तेव्हा ती ओळ बाकीच्या ओळींखाली गाडली जाते. याला सूचना म्हणता येत नाही, ही जबाबदारी झटकण्याची सोय आहे: कळवलं होतं ना! दुसरीकडे क्लाउडवरून चालणारी नवी यंत्रं. त्यांच्या पॅनेलवर दिसतं फक्त ‘ऑफलाइन’. आधी वीज गेली की आधी सिग्नल, शेजारी कधी तुटला, काही नाही. लॉग वाचायची सवय अशाने मोडते, आणि ती पुन्हा लावणं सोपं नाही.

गेल्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनी मला रात्रीच्या झोपेवरून दम भरला, म्हणून रात्रीचा फोन आमच्याकडे डिप्लोमा करून आलेल्या मुलीकडे गेला. फोनबरोबर वहीही द्यावी लागली. तिने ती शांतपणे वाचली आणि विचारलं, “सर, थांबतो ते ठीक आहे. पण थांबून आपण वाट कशाची बघतोय?”

“अगं, अपची.”

“अप आली तर कळेल. नाही आली तर काय झालंय ते कुठे कळतं?”

मग ती ओएलटीच्या लॉगकडे वळली. तो लॉग मी ग्राहकांच्या तक्रारींसाठी वेगळा ठेवला होता. घरातली लाइट गेली की ओएनटी तिच्यात उरलेल्या क्षणभराच्या विजेवर एक शेवटचा निरोप पाठवते, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. फायबर तुटली तर तो निरोप पोचूच शकत नाही, नुसता सिग्नल जातो. खालच्या गावांकडे जाणारी मुख्य फायबर आणि घरांची पॉनची फायबर एकाच रांगेतल्या खांबांवरून जातात, आणि ओएलटी आमच्याच खोलीत आहे. तिने दोन लॉग जोडले. लिंक पडली आणि त्याच सुमारास त्या गावाकडून गॅस्प येत असतील, तर तिथली वीज गेली आणि आमच्या स्विचची बॅटरीही बसली. फोन वाजवायचा नाही, बॅटरी बदलायची नोंद करायची. गॅस्प नाहीत आणि सिग्नल सगळ्यांचाच गेला, तर फायबर तुटली, एक सेकंदही थांबायचं नाही. माझ्या वहीतले फायबरच्या पट्ट्यांचे आकडे त्या दिवसापासून बिनकामाचे झाले. मला ते लागलं. तिचं काम माझ्याहून चांगलं होतं, आणि ते मी तिला सांगितलं, पण लगेच नाही.

एका गोष्टीत मात्र दुसरी साक्षही उपयोगी पडत नाही, ती म्हणजे राउटर काहीच लिहीत नाही तेव्हा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा खालच्या खोल्यांमधले राउटर गप्प झाले. त्यांच्या शेवटच्या ओळी मेमरीत होत्या, विजेबरोबर त्याही गेल्या. तेव्हापासून प्रत्येक राउटर दर पाच मिनिटांनी ‘आहे’ असा निरोप पुण्यातल्या एका सर्व्हरला पाठवतो, आणि निरोप चुकले की तो सर्व्हर फोन वाजवतो. किती चुकले की? दोन की तीन? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

घाटमाथ्यावरच्या ६० गिगाहर्ट्झच्या लिंकवर आमचा वाद अजून चालू आहे. तिथे ओएनटी नाहीत, गॅस्प नाहीत. तिचं म्हणणं, सिग्नलची पातळी दर दहा सेकंदांनी नोंदवायची. पडण्याआधी हळूहळू उतरली असेल तर पाऊस, एकदम गेली तर वीज किंवा खांब. पाऊस असेल तर कळवायचंच नाही. माझं म्हणणं, कोकणातली सर हळूहळू येतेच असं नाही, कधी ती भिंतीसारखी येते आणि पातळी एका नोंदीत शून्यावर जाते. म्हणून नव्वद सेकंद थांबावंच. तिने सध्या नव्वद ठेवले आहेत आणि खाली टीप लिहिली आहे की जुलैच्या नोंदी जमल्या की पुन्हा पाहू. मी त्या नोंदी रोज सकाळी स्वतः उतरवून घेतो. नव्वद बरोबर ठरावेत, असं मला मनापासून वाटतं.