आमचा म्हणावा असा संघ

कोणाचाच पक्ष न घेतां सामना पाहणें म्हणजे अळणी आमटीशीं भात कालवून जेवणें होय. पोट भरतें, पण जेवल्याचें समाधान होत नाहीं. दोन अगदीं अनोळखी संघ मैदानावर उतरले, तरी पांच मिनिटांच्या आंत मनुष्य नकळत एकाच्या बाजूस झुकतो. कधीं गणवेशाच्या रंगावरून, कधीं एखाद्या गड्याच्या चेहऱ्यावरून, तर कधीं केवळ शेजारीं बसलेल्या गृहस्थानें दुसऱ्याची बाजू घेतली म्हणून! हा पक्षपात निरुपद्रवी असल्यामुळें त्याबद्दल कोणी कोणास दोष देत नाहीं. परंतु ज्या संघाचे खेळाडू लिलावांत बोली लावून घेतले जातात, जो संघ कोणा धनिकाच्या मालकीचा असतो, आणि ज्याचे निम्मे गडी पुढच्या हंगामांत प्रतिपक्षाकडून उभे राहण्याचा संभव असतो, अशा संघावर जीव लावणें कितपत शहाणपणाचें? २०१४ पासून आमच्या घरांत या प्रश्नाचा काथ्याकूट चालला आहे. त्यांत माझी म्हणून एक बाजू आहे. ती वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु.

खेळ अर्थातच कबड्डीचा. आमच्या आजोबांच्या पिढीला तो 'हुतूतू' या नांवानें ठाऊक होता. महाराष्ट्रांतल्या संस्थांनीं त्याला नियमांत बसविलें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं तो परक्या लोकांस करून दाखविला. आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला पदकाचा मान मिळाला. एवढें होऊनही आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत क्रिकेटच्या धावसंख्येची जी विचारपूस होई, ती कबड्डीच्या गुणांची कधीं झाली नाहीं. २०१४ च्या जुलै महिन्यांत 'प्रो कबड्डी लीग' आठ संघांनिशीं सुरू झाली आणि हा मातीतला खेळ मॅटवर चढून थेट आमच्या दिवाणखान्यांत आला. आमच्या आत्याबाईंची मात्र अजूनही एक तक्रार आहे. त्या म्हणतात, "इतके दिवे, इतका गोंगाट, पण ज्या शब्दावरून खेळाला नांव पडलें तो 'कबड्डी, कबड्डी' कांहीं केल्या ऐकूं येत नाहीं!" त्यांच्या तक्रारीला माझ्यापाशीं उत्तर नाहीं.

आतां पक्ष कोणाचा घ्यावयाचा? आमचा नगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. पण या लीगमध्यें त्याचा स्वतःचा संघ नाहीं. महाराष्ट्राचे संघ दोन: मुंबईचा 'यू मुंबा' आणि पुण्याचा 'पुणेरी पलटण'. पुणें आमच्यापासून सुमारें एकशेंवीस किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून थोडी अधिक. अशा स्थितींत घराचे तट पडले नसते तरच नवल!

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, पहिल्या दिवसापासून मुंबईचे. त्याला कारण अनूप कुमार. या गृहस्थाचा खेळ पाहणें हा खरोखरच आनंद होता. तीस सेकंदांच्या चढाईंत बाकीचे चढाईपटू वाघासारखे झेपावत. हा मात्र एखाद्या अनुभवी वकिलासारखा शांतपणें उभा राही, प्रतिपक्षाच्या सातही गड्यांकडे पाहून घेई, आणि अलगद बोनस रेषेपलीकडे पाय टाकून एक गुण खिशांत घालून परत येई. त्याच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम सामना गांठला. २०१४ मध्यें जयपूरनें हरविलें, २०१५ मध्यें बंगळूरूला हरवून विजेतेपद मिळालें, आणि २०१६ च्या मार्चमध्यें पाटण्यानें २८ विरुद्ध ३१ अशी बाजी मारली. दादांच्या मतें संघ असावा तर असा: डोकें थंड, पाय सावध.

पुतण्या पाटण्याच्या बाजूचा. म्हणजे खरें पाहतां परदीप नरवालच्या बाजूचा. कोपऱ्यांतल्या गड्यानें पाय धरला, दोघांनीं साखळी करून वाट अडविली, तरी हा कमरेंत वांकून त्यांच्या हातांखालून मासा निसटावा तसा निसटे आणि मध्यरेषेला हात लावी. २०१७ च्या एका हंगामांत त्यानें चढाईचे ३६९ गुण मिळविले, आणि पाटण्याला ओळीनें तीन विजेतेपदें मिळवून देण्यांत मोठा वांटा उचलला. मला हा खेळ थक्क करी, पण संघ म्हणून पाटणा कधीं भावला नाहीं. सात जणांच्या खेळांत एकानेंच ओझें वाहावें आणि सहांनीं टाळ्या वाजवाव्यात, ही रचना दिसावयास मोठी रम्य. पण तो एक गडी बाद होऊन बाहेर बसला कीं सारें घर अंधारांत!

आणि मी? मी पुण्याचा. ज्या काळीं मीं हा पक्ष घेतला त्या काळीं तो घेण्यासारखें त्यांत कांहींही नव्हतें. आरंभींच्या हंगामांत पलटण गुणतक्त्याच्या अगदीं खालच्या बाजूस असे, आणि दादा मला रोज रात्रीं त्याची आठवण करून देत. माझें कारण साधें होतें. नगरचीं मुलें शिकावयास पुण्यास जातात, नोकरीस पुण्यास जातात, दुखणें बळावलें कीं माणसांना पुण्यासच नेतात. तेव्हां घरोबा असलेल्या गांवाचा संघ तो आपला, एवढाच हिशेब.

पण हा हिशेब लिलावापुढें टिकेना. २०१४ च्या पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२१ मध्यें परदीपला उत्तर प्रदेशच्या संघानें १ कोटि ६५ लाखांस घेतलें. पुतण्याच्या पाटण्यावरील प्रेमाचा त्याच दिवशीं शेवट झाला आणि तो परदीपमागून उत्तर प्रदेशांत गेला! दादांचा अनूप २०१८ मध्यें जयपूरकडून खेळला आणि २०१९ मध्यें चक्क आमच्या पुण्याचा प्रशिक्षक होऊन बसला. इराणचा फझल अत्राचली मुंबई, पाटणा, गुजरात, पुन्हां मुंबई असा फिरत २०२२ मध्यें पुण्याचा कर्णधार झाला, आणि पुढच्याच हंगामांत परत गुजरातेस गेला. दादा हंसून म्हणाले, "अरे, ज्याला तूं काल शिव्या देत होतास त्याच्यासाठीं आज टाळ्या वाजवतोस. हें प्रेम कीं भाड्याचें घर?"

या प्रश्नावर खरें मार्मिक बोलल्या त्या वहिनी. त्या म्हणाल्या, "मी तरी कोठें या घरची होतें? मिरजेहून आलें आणि इथली झालें. मग इराणचा मुलगा पुण्याचा झाला तर बिघडलें कुठें?" यावर आत्याबाई लगेच उत्तरल्या, "अगं, पण तुला दर दोन वर्षांनीं कोणी लिलावांत नाहीं हो उभी केली!" सगळे हंसले, परंतु माझ्या मतें त्या दोघींनीं मिळून या वादाचा निकाल लावला. वहिनींचें म्हणणें खरें, कारण माणूस कोठून आला यावर त्याचें आपलेपण अवलंबून नसतें. आत्याबाईंचेंही खरें, कारण आपलेपण उपजतें तें राहण्यानें. एकत्र सोसलेल्या दिवसांनीं. तेव्हां संघाची पारख करावयाची ती एवढ्यावरून: तो माणसें नुसतीं विकत घेतो, कीं त्यांना वाढवितो आणि वाईट दिवसांतही जवळ ठेवतो?

या कसोटीला पुणें उतरलें असें मला वाटतें, आणि तेंही बोलीच्या जोरावर नव्हे. पंकज मोहिते हा २०१९ पासून या संघांत आहे. २०२१ च्या डिसेंबरांत बंगळूरूला प्रेक्षकांवांचून जो हंगाम सुरू झाला, त्यांत अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हीं दोन कोंवळीं पोरें प्रथमच उतरलीं. अस्लम हा आमच्याच जिल्ह्यांतला, श्रीरामपूर तालुक्यांतल्या टाकळीभानचा. तें नांव कानीं पडतांच आमच्या घरांत क्षणभर शांतता पसरली. टाकळीभानची वाट आम्हांला ठाऊक. पण तेथून कोणी असा पुढें येईल, ही कल्पना आमच्या मनाला कधीं शिवली नव्हती. २०२२ मध्यें पुणें प्रथमच अंतिम फेरींत गेलें, पण अस्लम व मोहित दोघेही दुखापतीमुळें बाहेर होते, आणि मुंबईंत झालेल्या त्या सामन्यांत जयपूरनें ३३ विरुद्ध २९ असें हरविलें. अशा वेळीं मोठी थैली सोडून नवे नामांकित गडी आणण्याचा मोह अनावर असतो. पुण्यानें एक मोठी बोली लावली हें खरें: इराणचाच महंमदरझा शादलुई २ कोटि ३५ लाखांस घेतला. परंतु कर्णधारपद दिलें तें अस्लमला, आणि गाभा तोच ठेवला.

त्याचें फळ पुढच्या हंगामांत दिसलें. साखळींतल्या २२ सामन्यांपैकीं पुण्यानें १७ जिंकले. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस अंतिम सामन्यांत हरयाणाला २८ विरुद्ध २५ असें नमविलें. त्या सामन्यांत कोणी एकानें पराक्रम गाजविला असें नाहीं. पंकजनें एका चढाईंत चार गुण आणले, गौरव खत्रीनें कोपरा राखला, आणि ज्याला जें नेमून दिलें तें त्यानें केलें. माझ्या आवडीचा कबड्डीचा खेळ तो हाच. एकाचा हात सुटला तर दुसऱ्याचा तयार. साखळी तुटत नाहीं. हंगामांतला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचा गौरव झाला. त्याच महिन्यांत आमच्या वाडिया पार्कवर पुरुषांची ७० वी राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली, आणि ज्या खेळाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'गल्लींतला' म्हणत आलों, तो देशभरच्या संघांना घेऊन आमच्या दारांत उभा राहिला. त्या रात्रीं दादांनीं मुंबईचा विषय काढला नाहीं, ही गोष्ट येथें नोंदवून ठेवणें मला अवश्य वाटतें.

सुखाचे दिवस लांबत नाहींत, हें सांगावयास नकोच. शादलुई पुढच्याच हंगामांत हरयाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं आमच्याच बालेवाडीच्या मैदानावर त्या संघानें विजेतेपद पटकाविलें. पुण्याचा संघ तोंवर स्पर्धेबाहेर पडला होता. २०२५ मध्यें पलटण पुन्हां अंतिम फेरींत आली. ३१ ऑक्टोबरला दिल्लींत, दिल्लीच्याच संघाशीं गांठ. अवघ्या तीन गुणांनीं, ३१ विरुद्ध २८, पराभव झाला. आणि अखेरच्या घटकेला जो कोपऱ्यांत पाय रोवून उभा होता आणि ज्याच्या पकडीनें आमची आशा संपली, तो कोण? आमचाच एके काळचा कर्णधार फझल!

पुतण्या म्हणाला, "काका, आतां तरी दिल्लीचे व्हा. जिंकणाऱ्यांत मजा असते." त्याला मीं परदीपची आठवण दिली. ज्या खेळाडूसाठीं त्यानें तीन वेळां संघ बदलला, त्याला २०२४ मध्यें बंगळूरूनें ७० लाखांत घेतलें आणि २०२५ च्या लिलावांत कोणीच घेतलें नाहीं. त्यानंतर त्यानें खेळांतून निवृत्ति पत्करली. आठ वर्षांपूर्वीं ज्याच्या नांवानें मैदानें दणाणत होतीं, त्याच्यासाठीं एकही बोली लागूं नये! पुतण्या त्या दिवशीं जेवतांना फारसें बोलला नाहीं. त्याचें दुःख मला पोरकट वाटलें नाहीं. उलट, बाजारभाव उतरल्यावरही ज्याचें प्रेम उतरत नाहीं, तोच खरा चाहता अशी माझी खात्री झाली. तो माणसाला धरून राहिला, मी संघाला धरून राहिलों. आमचा मार्ग वेगळा, पण निष्ठा एकाच जातीची.

कोणी म्हणेल, या साऱ्या मालकांच्या उलाढाली. त्यांत तुमच्या निष्ठेला कोण विचारतो? खरें आहे, कोणी विचारीत नाहीं. पण मला त्यांतच तिची थोरवी दिसते. लिलावांत खेळाडूची किंमत होते, प्रशिक्षकाची होते, संघाच्या नांवाचीही होते. प्रेक्षकाच्या आवडीवर मात्र बोली लागत नाहीं. ती ज्याची त्यानें ठरवावयाची असते. ज्या घरांत मुलें लहानपणापासून ऐकतात कीं हरला म्हणून आपला माणूस परका होत नाहीं, त्या घरांत हा धडा कबड्डीच्या निमित्तानें गिरविला गेला तर बिघडलें काय? टाकळीभानच्या मुलानें सांभाळलेला संघ आहे. तो जिंको अथवा हरो, मी त्याचाच. आपल्या घरीं कोणाचा पक्ष आहे, तें वाचकांनींच ठरवावें. मात्र एकदां ठरविल्यावर तो दोन पराभवांनीं सोडूं नये, एवढीच विनंति.