वूस्टरची कागदी लेस

मैत्रिणींनो, लेकीकडे नाहीतर मुलाकडे अमेरिकेला गेलात, तर बॉस्टनपासून तासाभरावरचं वूस्टर गाव जरूर पाहा. जुनं कारखान्यांचं गाव. नायगारासारखं तिथं काही नाही. पण तिथल्या संग्रहालयात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली व्हॅलेंटाइनची कार्डं जपून ठेवली आहेत. प्रेमाची कार्डं म्हटल्यावर मी नाकच मुरडलं. "आता या वयात?" असं लेकीला म्हटलंही!

पाहिली मात्र, आणि हलवेना. पांढऱ्याशुभ्र कागदाची जाळी, अगदी विणल्यासारखी! उठावाच्या साच्यावर कागद दाबायचा आणि वर आलेले उंचवटे घासून काढायचे, की अशी जाळी होते. ही कला इंग्लंडची. जाळीखाली रंगीत चकचकीत कागद, वर फुलं-पाखरं, आणि थर उचललेले राहावेत म्हणून मधे घडीच्या बारीक कागदी पट्ट्या.

ही कार्डं करणारी एस्थर हाउलंड याच गावची. 1847 मध्ये ती शिकून घरी आली. वडिलांचं कागद-वह्यांचं दुकान. त्यांच्या ओळखीतून तिच्याकडे एक इंग्लिश कार्ड आलं. "हे तर मीही करीन," म्हणून तिनं वडिलांकडून सामान मागवून घेतलं आणि नमुने भावाबरोबर फिरतीवर धाडले. तिची आशा 200 डॉलरची. भाऊ 5000 डॉलरच्या मागण्या घेऊन आला, असं सांगतात!

एकटीचं काम नव्हे ते. तिनं मैत्रिणींना घरी बोलावलं. लांब टेबलाभोवती एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं तळाचा कागद लावायचा, तिसरीनं जाळी चिकटवायची. आपल्याकडे लग्नघरी रुखवताला बायका बसतात ना, तस्संच. फक्त इथं हाताला मोल होतं.

1881 मध्ये, वडिलांच्या आजारपणात त्यांची सेवा करता यावी म्हणून, तिनं हा चालता धंदा विकला म्हणतात. हजारोंची प्रेमपत्रं सजवणारी एस्थर स्वतः अविवाहितच राहिली. 1904 मध्ये गेली. वाचून जीव हळहळला. घरचं आजारपण आलं की हातातलं काम कुणी खाली ठेवायचं, हे तिथंही ठरलेलंच होतं म्हणायचं.

एक मात्र तिनं केलं. तिच्या कार्डांच्या पाठीवर लाल शाईचा बारीकसा 'एच' असे, हाउलंडचा. आपण एवढं रुखवत करतो, पडदे भरतो, रांगोळ्या घालतो. कधी कोपऱ्यात नाव घातलंय का हो? घरी आल्यावर नातीच्या दुपट्याच्या कडेला मी दोन टाके जास्त घातले. माझ्या नावाचं पहिलं अक्षर.