उघड्या हातांचा खेळाडू

क्रिकेटमध्यें फलंदाजांचीं नांवें घरोघर पाठ असतात. क्षेत्ररक्षकाचें नांव बहुधा झेल सुटला म्हणजेच लोकांच्या तोंडीं येतें. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत तिसऱ्या तळावरील खेळाडूच्या अंगावर जोराचे टोले येतात, म्हणून त्याच्या जागेस तिकडे तापलेला कोपरा म्हणतात. परंतु त्याच्या एका हातांत कातड्याचा मोठा मोजा असतो. आमच्या एकनाथ सोलकरांचे हात उघडेच असत.

सोलकरांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजीं मुंबईंत झाला. वडील हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. मुलगा तेथेंच धावफलकावरचे आंकडे बदलावयाचा. पुढें हाच मुलगा बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर फलंदाजापासून चार-पांच हातांवर वांकून उभा राहूं लागला. डोक्यास शिरस्त्राण नसे. वर्गांत ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द समजावितांना मी पोथींतील लक्षणांपेक्षां सोलकरांचेंच उदाहरण देत असें. मुलांस तें लौकर कळे.

१९७१ सालीं ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरांचे सहा बळी सर्वांस ठाऊक आहेत. त्याच डावांत ॲलन नॉट यांचा झेल सोलकरांनीं पुढें झेंप टाकून अगदीं जमिनीलगत टिपला. आळींतील एका पडवींत रेडिओभोंवतीं आम्ही पोरें बसलों होतों. आम्हांस कांहींच दिसलें नाहीं, तरी त्या संध्याकाळीं आम्ही सारे तशा झेंपा घेऊन गुडघे फोडून घेतले.

हें आज लिहिण्याचें निमित्त घरचेंच आहे. माझा नातू शाळेच्या संघांत आहे, पण दहाव्या क्रमांकावर खेळतो. “बाबा, नुसते झेल घेऊन याचें काय होणार? त्यापेक्षां शिकवणीला जाऊं दे, तुम्हीच सांगा त्याला,” असें चिरंजीव म्हणाले. मीं सोलकरांचे आंकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढें ठेवले: २७ कसोटी सामने, १,०६८ धावा, १८ बळी, शतक एकच, तेंही १९७५ सालीं वानखेडेवर, आणि झेल ५३. यष्टिरक्षक नसलेल्या कसलेल्या खेळाडूंत सामन्यामागें इतके झेल कोणाचे नाहींत.

“सगळे कांहीं सोलकर होत नाहींत,” चिरंजीव म्हणाले. बोलणें खोटें नाहीं. शेवटीं शिकवणी सकाळीं व मैदान संध्याकाळीं, एवढ्यावर तडजोड झाली. तीही वार्षिक परीक्षेपर्यंतच. २००५ सालीं सोलकर वारले, तेव्हां हा नातू जन्मलाही नव्हता. काल त्यानें तो कागद मागून नेला व आपल्या दप्तरांत ठेवला.