वीस-दहा

नातू आमच्याकडे आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. सूनबाईंना दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. मुलाची नोकरी पुण्यात. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला त्याला मिरजेजवळच्या आमच्या गावी आणून सोडलं आणि पुढचे साडेचार महिने तो आमच्याजवळ राहिला.

पहिले आठ-दहा दिवस तो माझ्याकडे आलाच नाही. आजीचा पदर सोडायचा नाही. मी सेलवर चालणारी मोटार आणली, ती त्याने एकदा उलटी करून बघितली आणि ठेवून दिली. गोष्ट सांगायला बसलो तर म्हणायचा, "आजी सांगेल." माझी बत्तीस वर्षं साखर कारखान्यात पॅनवर गेली. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा पाळ्या. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की बॉयलर थंड होईपर्यंत घर म्हणजे झोपायची जागा. माझा मुलगा या वयाचा असताना मी पाळीवरून यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा, नाहीतर मी झोपलेलो असायचो. लहान मुलाजवळ कसं बसायचं ते मी कधी शिकलोच नव्हतो. हे नातू समोर आल्यावर कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं.

एका संध्याकाळी पाऊस उघडला होता. मी गिरणीतून दळण घेऊन येत होतो आणि तो आजीबरोबर दारात उभा होता. रेल्वे फाटकाच्या बाजूने गाडीचा हॉर्न आला. तो एकदम धावत माझ्यापर्यंत आला, माझं बोट धरलं आणि म्हणाला, "आबा, चला की." दळणाचा डबा तिथेच ओट्यावर ठेवला आणि आम्ही निघालो. गाडी सापडली नाही. पण फाटकवाल्याने सांगितलं, अर्ध्या तासात दुसरी आहे. आम्ही अर्धा तास थांबलो. त्या दिवसापासून रोज.

मिरज जंक्शन असल्यामुळे आमच्याकडे गाड्यांना तोटा नाही. पुण्याकडे, कोल्हापूरकडे, बेळगावकडे आणि पंढरपूरकडे अशा चार दिशांना रूळ जातात. मोठ्या माणसाला वाटतं, गाडी बघायला जायचं म्हणजे गाडी बघायची. या पोराला तसं नव्हतं. त्याला सगळंच बघायचं असायचं. आधी केबिनमध्ये फोन वाजतो, स्टेशनवरून गाडी सुटल्याचं कळतं, फाटकवाला वहीत नंबर लिहून घेतो, मग चाक फिरवतो आणि दांडा हळूहळू खाली येतो. फोन वाजला की नातू माझा हात घट्ट धरायचा. दांड्यापासून चार पावलं मागे आणि हात सोडायचा नाही, एवढा एक नियम मी घातला होता. तो त्याने एकदाही मोडला नाही. उलट कुणी मोटारसायकल तिरकी करून दांड्याखालून घालायला लागला की मोठ्याने ओरडायचा, "ओ काका, फोन वाजलाय!" फाटकवाला त्याला रोज विचारायचा, "आलं का पावणं?"

शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळ्या रंगाची मोठी फुली असते, ती त्याला मी दाखवली. गाडी मध्येच तुटून चार डबे मागे राहिले नाहीत ना, हे कळावं म्हणून स्टेशनवरची माणसं ही फुली बघतात. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. त्याला हे फार पटलं. इंजिनापेक्षा फुलीची वाट जास्त बघायला लागला. फुली गेली की "पूर्ण आली!" असं जाहीर करायचा आणि मगच घराकडे वळायचा. मालगाडीला मागे गार्डाचा छोटा डबा असतो. ती मालगाडीची फुली, असं आमचं ठरलं.

रुळाच्या कडेने उसातून एक पाणंद जाते. फाटकाच्या सहाशे मीटर अलीकडे, पाणंदीच्या बाजूला, पिवळी पाटी आहे, तिच्यावर 'सी/फा' लिहिलंय. सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, हॉर्न वाजव, असं ती ड्रायव्हरला सांगते. नातवाला ओळखता आलेलं पहिलं अक्षर 'फ'. ते त्याला कुठल्या पुस्तकातून शिकवावं लागलं नाही. पुढे पेपरात, दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या खोक्यावर कुठेही 'फ' दिसला की त्याचं बोट तिथे जायचं.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. मालगाडीचे डबे तो मोजायचा. एकोणतीसपर्यंत बरोबर यायचा आणि पुढे म्हणायचा, "वीस-दहा, वीस-अकरा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लगेच सांगितलं, "वीस-दहा नव्हे बाळा, तीस." तो गप्प झाला. राहिलेले डबे नुसते धडधडत गेले. दुसऱ्या दिवशी मालगाडी आली तरी त्याने मोजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मीच मोजायला लागलो आणि एकोणतीस झाल्यावर म्हणालो, "वीस-दहा." त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढचा डबा त्याने घेतला. वीस आणि दहा तीसच होतात, त्यात त्याचं काय चुकलं होतं? तीस आज ना उद्या त्याला येणारच होते. माझी घाई कशासाठी होती, हे मला अजून सांगता येत नाही.

रात्रीची गोष्टही मग माझ्याकडे आली. राजा-राणी त्याला चालायचे नाहीत, गाडीची गोष्ट पाहिजे. मी त्याला पाण्याच्या गाडीची सांगितली. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा एप्रिलमध्ये आमच्या मिरजेतून रेल्वेच्या टाक्या भरून पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, म्हणजे जवळपास पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी जायला लागली. जलदूत म्हणायचे तिला. पावसाळा बराच सरेपर्यंत ती चालू होती.

गोष्ट ऐकून तो विचारात पडला. "आबा, त्या टाक्या कशाच्या?" मी म्हटलं, तेल वाहायच्या. "मग पाणी तेलकट नाही लागलं?" प्रश्न बरोबर होता. त्या टाक्या राजस्थानात कोट्याला रेल्वेच्या कारखान्यात वाफेने आतून धुऊन घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं. ते सांगितलं. तो म्हणाला, "गरम पाण्याने आंघोळ घातली त्यांना."

आता हा मुलगा आंघोळीच्या नावाने घर डोक्यावर घ्यायचा. आजी तेल चोळायला बसली की पळापळ. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावून झाल्यावर तो स्वतःच न्हाणीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी तेलाची टाकी आहे. मला कोट्याला न्या." त्यानंतर आंघोळ माझ्याकडे आली ती कायमची. बंबातलं पाणी काढायचं, वाफ दाखवायची, पाठ चोळताना टाकी आतून स्वच्छ झाली का ते कानात वाकून बघायचं. शेवटचा तांब्या अंगावर घ्यायचा नाही, तो लातूरला द्यायचा. लातूर म्हणजे परसातली जास्वंद. ओल्या अंगाने, पंचा गुंडाळून, दोन्ही हातांनी तांब्या धरून तो परसात जायचा. भर पावसाळ्यात त्या जास्वंदीला पाण्याची काही गरज नव्हती. पण एकही दिवस लातूर चुकलं नाही.

या महिन्यांत मी त्याला मुद्दाम काही शिकवलं असं नाही. खेळणी म्हणून त्या मोटारीनंतर काही आणलं नाही. फोनवर गाड्यांचे व्हिडिओ दाखवा असं शेजारच्यांनी सुचवलं. एकदा दाखवलाही. त्यात गाड्या लागोपाठ येत होत्या. त्याने विचारलं, "फोन कधी वाजला?" मी व्हिडिओ बंद केला. वाट बघण्यात त्याचा अर्धा आनंद होता आणि वाट बघता बघताच तो माझ्याशी बोलायचा. आईची आठवण येते हे तो घरात कधी बोलला नाही. फाटकाशी, दांडा खाली असताना, माझ्या खांद्यावर बसून बोलला. मी काही समजूत घातली नाही. नुसतं "येते ना, मलापण येते" म्हटलं. तेवढ्यात कोल्हापूरची गाडी आली आणि त्याने फुली बघितली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मुलगा आला होता. नातवाने त्याला ओढत फाटकाशी आणलं. मला वाटलं, फुलीची गंमत आता बापाला सांगेल. तो तोंड उघडणार तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "फुली बघायची ना?"

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आईने. तुमचा हंगाम असला की आई रोज आणायची मला इथे. तुम्ही झोपलेले असायचात, घरात आवाज नको म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत हिने एकदाही सांगितलं नव्हतं. त्या वेळच्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून झोपायचो आणि उठल्यावर घर शांत असायचं. ते शांत कसं असायचं, हे मी कधी विचारलं नाही. काय बोलावं ते मला सुचेना. मुलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. त्यानेही हात काढू दिला नाही.

केबिनमध्ये फोन वाजला. फाटकवाल्याने आतूनच सांगितलं, "मालगाडी हाय, थांबा." दांडा खाली आला. नातू बापाच्या खांद्यावर चढला आणि इंजिन गेल्याबरोबर मोजायला लागला. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

"वीस-दहा," नातू म्हणाला.

मुलगा हसला, त्याला दुरुस्त करायला त्याचे ओठ हललेही. मी काही बोललो नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं. पुढचा डबा समोर आला.

"वीस-अकरा," मुलगा म्हणाला.