माजघरातला समुद्र

जुन्या जालन्यात राहणाऱ्याने समुद्राविषयी बोलू नये. आमची नदी कुंडलिका, आणि तिलाही पाणी पावसाळ्यापुरतेच. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला. कवितांतून शिकवला मात्र वीस वर्षे! असा मी गेल्या भाऊबिजेला चक्क आमच्या माजघरात बुडालो.

बुडवणारा माझा भाचा. तो पुण्याला नौदलाच्या प्रशिक्षणासाठी आभासी जहाजे तयार करतो. मुलांचे खेळ बनवण्याचे 'युनिटी' नावाचे बाजारी सॉफ्टवेअर घ्यायचे आणि त्यातच जहाजाची इंजिनखोली उभारायची! "एवढा इंजिनिअर झालास, आणि खेळणीच करतोस?" असे मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो. तेव्हापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोले.

त्या दिवशी त्याने एक जाडजूड चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. क्षणात माजघर नाहीसे झाले. चहूकडे लोखंडी भिंती, फुटलेला नळ, वर चढणारे पाणी. कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा ते त्याने सांगितले होते. मी भलताच फिरवला. पाणी डोक्यावरून गेले. पाय कोरडे असूनही मी ओरडलो. ताई ओवाळणीचे ताट ठेवून धावत आली.

"पुन्हा करा, मामा," भाचा शांतपणे म्हणाला, "इथे बुडायला पैसे पडत नाहीत."

मग त्याने सांगितले, 1996 साली अमेरिकेच्या मरीन दलाने 'डूम' या बाजारातल्या खेळातले राक्षस काढून तिथे शत्रुसैनिक घातले आणि चौघाचौघांच्या तुकड्यांना सराव दिला. आपल्या नौदलाचे अभियंतेही 1945 पासून लोणावळ्याच्या डोंगरात, 'आयएनएस शिवाजी'त घडत आले आहेत. शिकण्यासाठी खरे जहाज कोण बुडवणार? खोट्या पाण्यात खरा श्वास कोंडत नाही, हे भाचाही कबूल करतो. पण कोणता व्हॉल्व्ह कुठे, एवढे तरी आधी अंगवळणी पडते.

चौथ्या खेपेस पाणी ओसरले. मी चष्मा काढला तेव्हा भाचा हसत होता, फार दिवसांनी.

रात्री मुलांचे निबंध तपासायला घेतले. लाल पेन उघडले आणि हात थबकला. वीस वर्षांत किती मुले माझ्या वर्गात पहिल्याच गटांगळीला बुडाली असतील? खेळणी म्हणून मी ज्याला हिणवले, त्याने चुकायला जागा करून दिली होती. मी दिली नव्हती.

पेन मिटले. पेन्सिल घेऊन समासात लिहिले, "पुन्हा लिहून आण."